केसातली पांढरी माती

तांडा, गोरेगावजवळ
१२ जून १९९८

चि. निता,

हिरासिंग नानाचे आशीर्वाद. खुशाली लिहीत न्हाई, सगळे हायत तसेच हायत.

काम असं हाय. गोरेगावात दगड बसवून राहिले. निजामाच्या टायमाला रझाकारांनी जे लोक मारले त्यांची नावं त्याच्यावर खोदणार. सतरा सप्टेंबरला पन्नास वर्षं व्हतात, मंत्री येणार म्हणं. कमिटीचा सेक्रेटरी ओमप्रकाश, गोपीचंद शेटचा पोरगा, खताच्या दुकानवाला, परवा जीप घेऊन तांड्यावर आला. म्हणला, "काका, तुमच्या तांड्याचं एक बी नाव दगडावर न्हाई, बरं दिसत न्हाई. धनसिंगचं टाकू."

धनसिंग म्हणजे माझा थोरला भाऊ, तुझ्या आईचा बाप. तू त्याला पाहिलं न्हाई. तुझ्या आईनं बी न्हाई, ती पोटात व्हती.

पण ओमप्रकाश म्हणतो, शिकलेल्या मानसाचा कागद पाहिजे. काहून तर लोक कोणाचं बी नाव घुसडून राहिले. एका गावानं ज्याचं नाव दिलं तो मानूस सवताच हार घेऊन मीटिंगला आला. तेव्हापासून कमिटी सावध हाय.

तू औरंगाबादला इतिहास शिकून राहिली. एका कागदावर लिहून दे की धनसिंगला रझाकारांनी कयाधू नदीच्या उतारावर मारलं. खाली सही कर. दोन ओळींचं काम हाय.

गावातले लोक पन्नास वर्षं म्हणून राहिले की तांडेवाले त्या टायमाला झाडीत लपून बसले. एक नाव लागलं की तोंडं बंद. रूपाबाई भोजाईला, म्हणजे तुझ्या नानीला, मी सांगून बसलो की दादाचं नाव लागणार. ती काही बोलली न्हाई. ती बोलतच न्हाई तसं. पण आता मागं सरकायचं म्हणजे तकलीफ. लवकर धाड.

हिरासिंग


औरंगाबाद
२८ जून १९९८

ती. नाना,

नमस्कार. पत्र मिळालं. आजोबांचं नाव लागणार हे वाचून बरं वाटलं. पण सही करायच्या आधी मला थोडं बघावं लागेल. रागावू नका.

आजोबांबद्दल लिहिलेलं मी सगळं गोळा केलं. तीन ठिकाणी सापडलं. एक, ओमप्रकाश काकांनी छापलेली पुस्तिका. दोन, परभणीच्या एका पेपरात बऱ्याच वर्षांपूर्वी आलेला लेख. तीन, आपल्या पुनमचंद काकांची मुलाखत, ती मीच मागच्या उन्हाळ्यात घेतली होती. तिन्हींत एकच गोष्ट आहे. पोळा झाल्यावर धनसिंग उतारावरून येत होते, रझाकारांनी अडवलं, तलवारीनं मारलं. शब्दसुद्धा तेच.

मी खूश होऊन सरांना दाखवलं. सर म्हणाले, "ह्या तिघांना हे कोणी सांगितलं ते विचार." विचारलं. पुस्तिकेत खाली लिहिलंय, वडील कै. गोपीचंद शेट यांच्याकडून ऐकलेलं. पेपरवाल्यानं शेटजींनाच भेटून लिहिलं होतं. पुनमचंद काका म्हणाले, "शेटनं सांगितलं तेच सांगून राहिलो." म्हणजे नाना, तीन घरी दही लागलंय पण विरजण एकाच घरचं आहे. त्याला मला तीन साक्षीदार म्हणता येत नाही.

मग शेटजी तरी तेव्हा उतारावर होते का? आजोबांना मारताना कोणी डोळ्यांनी पाहिलं? तुम्ही कुठे होता?

निता


तांडा
१० जुलै १९९८

चि. निता,

पत्र मिळालं. पत्र न्हाई ते, पोलीस पाटलाची चौकशी हाय. दोन ओळी मागितल्या तर पोरगी मलाच पिंजऱ्यात उभी करून राहिली.

घे उत्तर. शेट उतारावर न्हवता. पोळ्याच्या आधीच बायकापोरं, दागिने घेऊन वाशिमला पळाला. तिकडं इंग्रजाचा मुलूख व्हता, रझाकार न्हवते. इंग्रज गेला तरी लोक तसंच म्हणायचे. घर राखायला दादाला ठेवून गेला. शेट परत आला तो लष्कर येऊन निजाम खाली बसल्यावर.

मी बी न्हवतो. मी मामाच्या तांड्यावर ढोरं घेऊन गेलो व्हतो. आलो तवा राख बी गार झाली व्हती.

लोक सांगतात, शेटचा गाडीवान दादाला बैलगाडीत घालून घेऊन आला. वरून चादर बांधली व्हती. "रझाकार" म्हणला, गाडी वळवली, गेला. पाऊस कोसळून राहिला व्हता. तो गाडीवान कवाच मेला. कोणी काही विचारलं न्हाई. त्या दिवसांत मेलेला मानूस रझाकारानंच मारलेला असायचा, दुसरं कोणी मारतच न्हवतं.

आता तुला साक्षीदारच पाहिजे तर घरात हाय की. भोजाईनं दादाला सवता आंघोळ घातली. ती कोणाच्या गळ्यात पडून रडते तवा सगळं सांगते. दिवाळीला तू आलीस तवा तुझ्या गळ्यात पडून रडली आन् तू मधे ती टेप ठेवली. आम्हाला लाज वाटली, पण ठेवलीस. ती ऐक आन् सही कर.

पाऊस बराबर हाय. सोयाबीन उगवलं.

हिरासिंग


औरंगाबाद
२५ जुलै १९९८

ती. नाना,

तुमचं बरोबर होतं. माझ्याच कपाटात होतं आणि मी बाहेर शोधत होते.

टेप ऐकली. नानी रडता रडता आजोबांना उद्देशून सगळं म्हणते. उतारावर तुला अडवलं, नदीचं पाणी लाल झालं, तुझ्या अंगावर सात घाव, तरी तू पाठ दाखवली नाहीस. मी आपल्या बोलीतून मराठीत उतरवून काढलं. नाना, नानीनं अंगावरचे घाव मोजलेत! तिनं शेटजींकडून ऐकायची गरजच नव्हती. आंघोळ तिनं घातली. हा वेगळा साक्षीदार झाला, आणि डोळ्यांनी पाहिलेला.

मी सरांनाही सांगितलं. तेही म्हणाले, चांगलं आहे. कागद तयार करते. नावापुढे "सात घाव झेलून" असं लिहायला सांगू का कमिटीला? दगडावर शोभेल.

निता


तांडा
४ ऑगस्ट १९९८

चि. निता,

तू तांड्यात जन्मली का परभणीच्या दवाखान्यात, असा मला सवाल पडून राहिला.

अगं सात घाव सगळ्यांनाच असतात. आपल्या बाया मेलेल्या गड्यासाठी रडतात तवा सात घाव म्हणतातच. नदी लाल व्हतेच. माझ्या आत्याचा नवरा हगवणीनं गेला, पातळ झाला पार, उठवत न्हवतं. आत्या रडली तवा त्याला बी सात घाव आन् पाठ दाखवली न्हाई. पाठ तर त्यानं सगळ्या वावराला दाखवली व्हती. कोणी हसलं न्हाई. ती रडायची रीत हाय. बाया लहानपणी शिकतात. पहिली एक म्हणते, दुसरी पुढची ओळ उचलते.

ते दगडावर खोदलंस तर अख्खा तांडा हसंल. म्हणतील, शिकली आन् बधिर झाली.

घाव लिहू नको. नुसतं रझाकारांनी मारलं एवढं लिही. आता मीच तुझा साक्षीदार मोडला हे मला कळून राहिलं, पण येडपटपणा मला बघवत न्हाई. तारीख जवळ येऊन राहिली. ओमप्रकाश दोनदा येऊन गेला.

हिरासिंग


औरंगाबाद
१६ ऑगस्ट १९९८

ती. नाना,

शिव्या पोचल्या. लाज वाटली. चार दिवस टेपकडे बघितलं नाही.

मग एक केलं. माझ्याकडे औंढ्याकडच्या तांड्यातल्या मोतीबाईंचीही टेप आहे. त्या दिरासाठी रडल्या होत्या, तो विहीर खणताना गेला. दोन्ही रडणी शेजारी शेजारी मांडली. जी ओळ दोघींत आहे ती नानीच्या कागदावर खोडत गेले. उतार गेला, मोतीबाईंच्या दिरालाही उतारावरच अडवलंय. लाल पाणी गेलं. घाव गेले. पाठ गेली. पान सगळं काळं झालं.

दोन ओळी उरल्या. त्या मोतीबाईंकडे नाहीत. तुम्ही सांगा, कुठल्या दुसऱ्या बाईच्या रडण्यात तुम्ही ऐकल्यात का.

"तुझ्या पायाला चिखल नव्हता."

"तुझ्या केसात पांढरी माती."

मला ह्यांचा अर्थ लागत नाही. पांढरी माती म्हणजे नदीकाठचा गाळ असेल का? की मेलेल्याच्या डोक्याला राख लावायची जुनी पद्धत होती? गाळ असेल तर उताराची गोष्ट खरी ठरेल. पण मग पायाला चिखल का नाही, एवढ्या पावसात?

नानीला विचाराल का? मी विचारलं तर ती नुसतं डोक्यावरून हात फिरवते.

निता


तांडा
२७ ऑगस्ट १९९८

चि. निता,

तुझं पत्र वाचून मी थोडा वेळ बाजेवर बसून राहिलो. मग बसून काही व्हत न्हाई म्हणून उठलो.

त्या ओळी मी दुसऱ्या कोणाकडून ऐकल्या न्हाईत. भोजाईकडून बी ऐकल्या न्हाईत, म्हणजे ऐकल्या असतील.

पांढरी माती नदीची नसते. कयाधूचा गाळ काळा असतो. पांढरी माती माळवदाची. तू सिमेंटच्या घरात वाढली, तुला काय म्हाईत. जुनी घरं व्हती, वर लाकडं, लाकडावर पांढरी माती हातभर. पाणी आत येऊ नये म्हणून. एखाद्या वर्षी पाऊस थांबला न्हाई की ती माती पाणी पिते, जड व्हते, लाकूड मोडतं, सगळं खाली येतं. गावात दर पावसाळ्यात कोणी ना कोणी असं झोपेतच जातं.

तांड्यात तवा एक बी माळवद न्हवतं. सगळ्या गवताच्या झोपड्या. गड्याच्या केसात पांढरी माती आली तर ती गावातल्या घरात, आन् पायाला चिखल न्हाई म्हणजे तो बाहेर निघालाच न्हवता.

मी गोरेगावला गेलो. युरिया आणायचाच व्हता. ओमप्रकाशला म्हणलं, "तुमचं जुनं घर कुठं व्हतं रे?" म्हणला, "हेच की काका. हे गोडाऊन हाय ना, ही घराची मागली खोली. रझाकारांनी माळवद पाडलं व्हतं हिचं. बाबा वाशिमहून आले तर आत नुसता ढिगारा." मोठ्या अभिमानानं सांगून राहिला. म्हणला, पुस्तिकेत टाकायचं राहिलं.

मी म्हणलं, "माळवदावर चढून नाचले का रझाकार?"

"पाडलं म्हणजे पाडलं, काका. ते काही बी करायचे."

"घर लुटलं का मग?"

"न्हाई, भांडी सगळी जागेवर व्हती. देवाची दया."

मी युरिया घेतला, जीपमधे बसलो, घरी आलो.

भोजाई अंबाडीची भाजी निवडून राहिली व्हती. मी म्हणलं, "भोजाई, दादाच्या केसात माती व्हती?"

"व्हती की. दोनदा धुतली, निघेना."

"घाव?"

"घाव कुठले. छाती बसली व्हती."

"मग इतकी वर्षं सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की. दरवेळी सांगितलं. मी रडाया लागले की तुमी गडी उठून बिड्या प्यायला जाता."

"आन् सात घाव काहून म्हणते?"

"म्हणावं लागतं. न्हाई म्हणलं तर बाया म्हणतात, नवऱ्यासाठी हिला धड रडता बी येत न्हाई."

मग मी विचारलं की दगडावर नाव टाकायचं का न्हाई. ती देठ मोडत राहिली. मग म्हणली, "तो तिथं गेलाच न्हाई तर त्याला तिथं काहून उभा करता?"

एवढंच. पुन्हा भाजी.

शेट खोटं बोलला, का गाडीवान घाबरून बोलला आन् शेटनं खरं मानलं, मला म्हाईत न्हाई. कळणार बी न्हाई. शेटनं नंतर भोजाईला एक दुभती म्हैस धाडली व्हती. आम्हाला वाटलं चांगला मानूस. चांगला असंल बी.

सही करू नको.

हिरासिंग


औरंगाबाद
३ सप्टेंबर १९९८

ती. नाना,

पत्र मिळालं.

ओमप्रकाश काकांना खोलीची गोष्ट माहीत आहे पण आजोबांची नाही. नानीला आजोबांची माहीत आहे पण खोली तिनं पाहिलेली नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नाही आणि दोन्ही एकमेकांना जुळतात. सर म्हणाले, पुरावा असाच असतो, वर्गात शिकवताना असं उदाहरण मिळत नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला. मग तोही गेला.

सर असंही म्हणाले की "बहुधा रझाकारांच्या काळातील अशांततेत मृत्यू" असं लिहिता येईल, ते खोटं नाही, नाव लागेल. मी ते वाक्य कागदावर लिहून बघितलं. घर राखायला ठेवलं ते अशांततेमुळेच, हे खरंय. पण नानीनं विचारलंय त्याला ते उत्तर होत नाही. म्हणून कमिटीला कळवलं की धनसिंग यांना रझाकारांनी मारल्याचा पुरावा मिळाला नाही. कसे गेले ते लिहिलं नाही. ते सांगायचं का, ते तुम्ही ठरवा.

परभणीला आईला जाऊन सांगितलं. तिचे वडील. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बरं," आणि चपात्या लाटत राहिली. मग म्हणाली, "झोपेत का?" मी म्हणाले, असेल. परत म्हणाली, "बरं."

मलाही काही वाटत नाहीये. वाटायला पाहिजे होतं ना?

निता


तांडा
२२ सप्टेंबर १९९८

चि. निता,

वाटलं पाहिजे असं काही न्हाई. मला बी वाटून न्हाई राहिलं. कामं हायत.

तुझा कागद पोचल्यावर ओमप्रकाश आला. तोंड पडलं व्हतं. "काका, पोरीनं असं काहून केलं? तांड्याची इज्जत व्हती." मग मी त्याला सांगितलं की तुझ्या गोडाऊनमधे, जिथं तू पोती ठेवतो, तिथं दादा मेला. तो बाजेवर बसला. मग म्हणला, "बाबा तर तवा वाशिमला व्हते."

मी म्हणलं, "म्हणूनच."

"म्हणजे बाबांनी..."

"मला म्हाईत न्हाई. तुला बी न्हाई. इचारणार कोणाला?"

"मग आता काय करू, काका?"

"काही करू नको. पोराला जीपमधे खत चढवायला सांग, मागच्या टायमाला एक पोतं फाटकं दिलंस."

सतराला दगड उघडला. मंत्री आला न्हाई, त्याच्याखालचा कोणीतरी आला. नावं वाचली. आपलं न्हाई. गावातला एक जण मागून म्हणला, "तांडेवाल्यांचं काय झालं, झाडीतून निघाले का न्हाई अजून?" लोक हसले. आपली पोरं मान खाली घालून उभी व्हती. मी ऐकलं. उत्तर व्हतं माझ्याकडं, पण ते द्यायचं म्हणजे दादाला तिथं चौकात काढायचं, ध्वजाखाली. न्हाई दिलं.

तांड्यात प्रेमदास नाईक म्हणला, "नाना, तयार नाव हातचं घालवलं. तुमच्या पोरीनं शिकून हे केलं." बाकीच्यांनी बोलणं सोडलं. बरं झालं, कान शांत हायत. भोजाईला कोणी काही म्हणलं न्हाई, तिला म्हणायची कोणाची हिंमत न्हाई. ती त्या दिवशी गेलीच न्हाई, वावरात मूग तोडून राहिली व्हती.

तुझं शिक्षण पुरं कर. मधे सोडू नको.

हिरासिंग


तांडा
९ जून १९९९

चि. निता,

परीक्षेचं कळलं. बरं झालं. पत्त्यावर आता जिल्हा हिंगोली लिहीत जा, परभणी लिहिलं की पत्र तिकडं फिरून येऊन राहिलं. जिल्हा झाला, बाकी रस्ता तोच हाय.

लोक बोलाया लागले परत. मधे पुनमचंदच्या नातीचं लगीन निघालं, मानूस कमी पडला, बोलले.

तुला हे सांगायचं म्हणून लिहून राहिलो. त्या लग्नाला तुझी आई आली व्हती. दोन वर्षांनी आली. अंगणात भोजाई तिच्या गळ्यात पडली, बाया भोवती बसल्या, रीत हाय तसं रडणं सुरू झालं. मी उठलो न्हाई, पाय दुखून राहिले व्हते.

भोजाईनं उतार म्हणला न्हाई. नदी म्हणली न्हाई. चाल तीच. म्हणली, शेट गेला, तुला ठेवून गेला. पाऊस थांबला न्हाई. माळवद बसलं. तू झोपेत व्हतास, तुला कोणी मारलं न्हाई, तू कोणाला मारलं न्हाई. मी दोनदा केस धुतले.

बाया गप झाल्या. प्रेमदासच्या म्हातारीनं सवयीनं सात घाव उचलले, भोजाईनं मान हलवली, तशी ती बी थांबली. पुढं काय म्हणायचं ते कोणालाच येत न्हवतं. अशा मरणाची ओळच न्हाई आपल्याकडं. भोजाई म्हणून थांबायची, कोणीतरी उचलंल म्हणून, आन् कोणी उचलत न्हवतं. मग सवताच पुढं म्हणायची.

शेवटाला तुझ्या आईनं उचललं. तिला चाल येत न्हाई, परभणीत राहून विसरली. नुसतं बोलल्यासारखं म्हणली, "मी पोटात व्हते." भोजाईनं ते घेतलं, चालीत म्हणलं. मग तुझी आई दुसरं काहीतरी म्हणली. असं बराच वेळ चाललं. जेवणाची पंगत खोळंबली, पुनमचंद चिडला. मी त्याला म्हणलं, बस जरा, व्हतंय.

हिरासिंग